एकट्याने लिस्बन: चढ गाडीने, उतार पायी

युरोपात पहिल्यांदाच एकटं जायचं म्हटलं की चार जण पॅरिस सुचवतात, चार जण रोम. माझं मत लिस्बनला. विमानतळ शहराला चिकटून आहे, मेट्रोच्या मार्गिका चारच, मुख्य जुना भाग पायी फिरता येईल एवढा आटोपशीर, आणि एकटा माणूस जेवायला आला तर कुणी भुवया उंचावत नाही. राहण्याचे भाव अलीकडे बरेच चढलेत, पण खाणंपिणं आणि शहरातला प्रवास अजून खिशाला झेपतो. शिवाय या शहराचं आपल्या किनाऱ्याशी जुनं येणंजाणं आहे. ते जागोजागी भेटतं, फक्त कुठे पाहायचं ते माहीत हवं.

फसगत होते ती टेकड्यांमुळे. नकाशावर दोन ठिकाणं अर्ध्या किलोमीटरवर दिसतात आणि मधे शंभर-दीडशे पायऱ्या निघतात. नकाशा सपाट, शहर उभं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गुडघे बोलायला लागले की उरलेली यादी तशीच राहते. म्हणून बेत आखताना एकच नियम धरा: चढ गाडीने चढायचा आणि उतार पायी उतरायचा. खालचा सगळा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

व्हिसा: तीन महिने आधी बसा

पोर्तुगाल शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात आहे, त्यामुळे लागतो तो नेहमीचा कमी मुदतीचा शेंगेन व्हिसा. अर्ज व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रातून जातो. प्रवासाच्या तारखेच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तो करावाच लागतो. पण पंधरा दिवसांच्या भरवशावर राहू नका. अपॉइंटमेंट मिळायलाच कधी कधी आठवडे जातात आणि निर्णय पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो. व्हिसाची फी ९० युरो, केंद्राचे पैसे वेगळे. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला असावा, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा असावा आणि त्यात दोन पानं कोरी असावीत.

एकट्याने जाणाऱ्याच्या अर्जात महत्त्वाचं एकच: हा माणूस परत येणार, हे कागदांवरून दिसलं पाहिजे. नोकरी असेल तर रजा मंजूर झाल्याचं पत्र, धंदा असेल तर त्याची कागदपत्रं, आयकर विवरणपत्रं, आणि बँकेच्या खात्यात शांतपणे साठत आलेली शिल्लक. अर्जाच्या आठ दिवस आधी एकदम टाकलेली मोठी रक्कम उलट शंका निर्माण करते. सोबतच्या पत्रात दिवसवार कार्यक्रम लिहा, तोही खरा. 'चार दिवस लिस्बन, त्यातला एक जवळच्या सिंत्रा गावासाठी' असा साधा बेत सात देशांच्या धावपळीपेक्षा केव्हाही पटण्यासारखा. व्हिसा हातात येईपर्यंत हॉटेल रद्द करता येईल असंच ठेवा, आणि परत न मिळणाऱ्या तिकिटात पैसे अडकवू नका.

मुंबईहून लिस्बनला थेट विमान नाही. दुबईमार्गे गेलात तर शेंगेनचं इमिग्रेशन लिस्बनला होतं. फ्रँकफुर्ट किंवा पॅरिसमार्गे गेलात तर इमिग्रेशन तिथेच होतं, आणि पुढचं विमान देशांतर्गत असल्यासारखं वागतं. म्हणून दुसऱ्या प्रकारात मधे निदान अडीच-तीन तास ठेवा. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर बाहेरच्या प्रवाशांच्या बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन नोंद करायची नवी पद्धत सुरू झाली आहे. पहिल्या खेपेला त्यात वेळ जातो.

केव्हा, किती दिवस, कुठे राहायचं

एप्रिल-मे नाहीतर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी दोन्ही टोकाला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी स्वस्त, पण पावसाळी. १२ जूनच्या रात्री संत अंतोनीचा उत्सव असतो, गल्लीगल्लीत शेगड्यांवर सार्डिन मासे भाजतात आणि सगळं शहर रस्त्यावर असतं. गर्दी आवडत असेल तर मुद्दाम जा, नसेल तर ते दोन-तीन दिवस टाळा.

पूर्ण चार दिवस पुरतात. त्यात सोमवार येत असेल तर तो सिंत्राला किंवा नुसत्या भटकंतीला द्या. बेलें या नदीकाठच्या भागातला मठ आणि बरीच सरकारी संग्रहालयं सोमवारी बंद असतात.

राहायला फोटोत सर्वांत गोड दिसतो तो अल्फामा भाग. तिथे राहू नका. गल्ल्या इतक्या अरुंद की टॅक्सी दारापर्यंत येत नाही, आणि चाकांची बॅग पायऱ्यांवरून उचलून न्यावी लागते. बाइरु आल्तु हा रात्रीच्या बारांचा भाग, तिथे पहाटेपर्यंत झोप लागणार नाही. पहिल्या खेपेला बायशा, रुसिउ चौक किंवा आव्हेनिदा हा सपाट पट्टा बरा, मेट्रोच्या पाच मिनिटांच्या आत. पैसे वाचवायचे असतील तर हिरव्या मार्गिकेवरचे आंजुश, अरोइउश बघा. तिथून मध्य भाग काही मिनिटांवर. लिस्बनची हॉस्टेलं चांगली असतात आणि बऱ्याच ठिकाणी स्त्रियांसाठी वेगळी खोली मिळते. संध्याकाळी गप्पांना माणसं हवी असतील तर निदान पहिल्या दोन रात्री हॉस्टेलात काढा. हॉटेल असो की हॉस्टेल, माणशी रात्रीला ४ युरो पालिकेचा पर्यटक कर वेगळा भरावा लागतो. तो बुकिंगच्या रकमेत बहुधा धरलेला नसतो.

उतरल्यावर पहिला तास

विमानतळाच्या दारातच लाल मेट्रो. आलामेदा स्थानकावर उतरून हिरवी पकडायची, की रुसिउ किंवा बायशा-शियादु. बदल धरून अर्धा तास. मेट्रो सकाळी साडेसहा ते रात्री एक चालते. त्याच्याबाहेर उतरलात तर उबर किंवा बोल्ट ॲपने टॅक्सी करा, अंतर कमी असल्यामुळे भाडं अंगावर येत नाही.

स्थानकातल्या यंत्रावर 'नव्हेगांत' नावाचं कागदी कार्ड अर्ध्या युरोला मिळतं. ते एका माणसाला एकच आणि पुन्हा पुन्हा भरता येतं. त्यात दोन प्रकारे पैसे भरतात. चोवीस तासांचा पास घेतला (सात युरोंच्या आसपास) तर मेट्रो, बस, ट्राम, शिवाय सांता जुस्ता लिफ्टसुद्धा त्यात येते. किंवा 'झॅपिंग' म्हणजे नुसती रक्कम भरायची आणि प्रवासागणिक ती कापली जाते. ही लोकल रेल्वेला आणि नदीवरच्या फेरीबोटीलाही चालते. जास्त चढउताराच्या दिवशी पास, बाकी दिवशी झॅपिंग. मेट्रोच्या दारावर बँकेचं कार्ड टेकवूनही जाता येतं. ट्रामच्या चालकाकडून तिकीट घेऊ नका, ते बरंच महाग पडतं.

पैशांचं थोडक्यात. आपलं यूपीआय तिथे विसरा. फॉरेक्स कार्ड आणि शंभरेक युरो रोख पुरतात. रोख काढायची तर बँकेला लागून असलेल्या 'मुल्तिबांकु' यंत्रातून काढा. पर्यटकांच्या गल्ल्यांत दुकानांच्या मधे बसवलेली खासगी यंत्रं जबर शुल्क लावतात. आणि यंत्राने किंवा दुकानदाराने 'रुपयांत भरणार की युरोत' असं विचारलं, तर कायम युरो. रुपयांचा दर त्यांच्या सोयीचा असतो.

पहिला दिवस: सपाट भाग

विमानाचा शीण असतो, म्हणून पहिल्या दिवशी चढ नको. नदीकाठच्या प्रासा दु कुमेर्सियु या प्रचंड चौकातून सुरुवात करा. तीन बाजूंना पिवळ्या कमानी, चौथ्या बाजूला तेजु नदी. इथे एके काळी राजवाडा होता. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लोक चर्चमध्ये असताना भूकंप झाला. जीव वाचवायला माणसं नदीकाठच्या मोकळ्या जागेकडे धावली, तर थोड्या वेळाने त्सुनामीची लाट नदीतून आत आली. चर्चमधल्या मेणबत्त्यांनी आणि घराघरांतल्या चुलींनी लागलेली आग पुढे कित्येक दिवस धुमसत होती. राजवाडा त्यात गेला.

पाठीमागचा बायशा भाग त्यानंतर मार्केश द पोंबाल या मंत्र्याने नव्याने वसवला, म्हणून तिथले रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ. भिंतींच्या आत लाकडी आडव्यातिडव्या तुळयांचा पिंजरा घातला, धक्का बसला तर घर हललं तरी पडू नये म्हणून. सैनिकांना नमुन्याभोवती कवायत करायला लावून त्याची चाचणी घेतली, असं सांगतात. हे लक्षात ठेवून चाललात तर त्या एकसारख्या इमारती कंटाळवाण्या वाटणार नाहीत.

रुसिउ चौकाच्या कोपऱ्यावर साँ दुमिंगुश नावाचं चर्च आहे. बाहेरून काहीच विशेष नाही, लोक न थांबता पुढे जातात. आत जा. १९५९ च्या आगीत ते आतून जळालं. नंतर डागडुजी करताना जळके खांब तसेच ठेवले. दगडाचे टवके उडालेले, धुराने काळपट झालेले जाडजूड खांब आणि त्यावर विटकरी रंगाचं नवं छत. हाताला लागतो तो दगड खडबडीत, तडकलेला. समोरच्या छोट्या चौकात एक स्मारक आहे: १५०६ साली इथूनच ज्यूंच्या, म्हणजे बळजबरीने ख्रिस्ती केलेल्या ज्यूंच्या, कत्तलीला सुरुवात झाली होती. पलीकडे जे राष्ट्रीय नाट्यगृह दिसतं, त्या जागी इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्माबाहेर वागल्याच्या संशयावरून लोकांची चौकशी करणाऱ्या न्यायालयाचा, वाडा होता. गोव्यात १५६० साली जी चौकशी-न्यायालयं आली, त्यांचं मूळ इथलं.

त्याच चौकात भिंतीत बसवलेलं, उभ्यानेच प्यायचं एक दुकान आहे. तिथे १८४० पासून जिंजा, म्हणजे आंबट चेरीची मद्यार्कयुक्त गोड दारू, मिळते. चेरी घालून हवी की नुसती, एवढाच प्रश्न विचारतात. पीत असाल तर एक छोटा ग्लास, तेवढाच.

संध्याकाळी शियादु. इथे पहिला छोटा चढ आहे आणि त्यावर फुकटचा उपाय: बायशा-शियादु मेट्रो स्थानकाचे लांबच लांब सरकते जिने तुम्हाला थेट टेकडीवर काढतात. लोक १९०२ सालच्या सांता जुस्ता लोखंडी लिफ्टसाठी तासभर रांगेत उभे राहतात. ती लिफ्ट जिथे पोचवते, त्याच कार्मु चौकात मागच्या बाजूने चालत जाता येतं. लिफ्ट पाहायचीच असेल तर ती चालू आहे का ते आधी तपासा, आणि पास असताना सकाळी लवकर जा.

कार्मुच्या मठाचं छत भूकंपात कोसळलं आणि ते पुन्हा बांधलं नाही, नुसत्या कमानी आभाळाखाली उभ्या आहेत. आपल्या दृष्टीने याच चौकाला आणखी एक अर्थ आहे. २५ एप्रिल १९७४ ला हुकूमशाहीविरुद्ध उठलेल्या सैनिकांनी इथल्या बराकीला वेढा घातला आणि पंतप्रधान मार्सेलु कायतानुने शरणागती पत्करली. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तरी पोर्तुगालने ते मान्य केलं नव्हतं. भारताचं सार्वभौमत्व त्याने मान्य केलं ते या क्रांतीनंतर, १९७४ च्या डिसेंबरात.

दुसरा दिवस: वरून खाली

नियमाचा खरा उपयोग आज. मार्तिं मुनीश चौकातून ग्रासा टेकडीवर गाडीने जायचं. २८ नंबरची पिवळी ट्राम इथूनच सुटते आणि ती बघण्यासारखी आहेच. लाकडी बाकं, पितळी हँडलं, आणि काही वळणांवर घराची भिंत खिडकीतून हात काढला तर लागेल इतकी जवळ. पण सकाळी आठच्या सुमारास गेलात तरच बसायला मिळेल. दहानंतर रांग चौकाला वळसा घालते, आणि आतल्या गर्दीत खिसेकापूंचं फावतं. उशीर झाला तर हट्ट नको, ७३४ नंबरची बस त्याच टेकडीवर जाते.

वर उतरून आधी सेन्योरा दु मोंतिच्या सज्ज्यावर, म्हणजे शहर न्याहाळायच्या मोकळ्या जागेवर जा. अख्खं शहर, किल्ला, नदी आणि लांबचा लाल पूल एका नजरेत. इथूनच दिवसभराचा उतार डोळ्यांनी ठरवून घ्या. मंगळवार किंवा शनिवार असेल तर वाटेत सांता क्लारा मैदानात जुन्या बाजाराची चक्कर होते. तुटक्या फरशांपासून लष्करी बिल्ल्यांपर्यंत काहीही मिळतं आणि घासाघीस चालते.

मग पोर्ताश दु सोल आणि सांता लुझिया हे सज्जे. सांता लुझियाच्या चर्चच्या भिंतीवर निळ्या फरशांचं चित्र आहे, त्यात भूकंपाआधीचा नदीकाठचा चौक दिसतो. काल जिथे उभे होतात तीच जागा, राजवाड्यासकट. किल्ला इथून थोडा वर आहे. पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सु एन्रिकिश याने तो मुरांकडून, म्हणजे तेव्हाच्या मुस्लिम राज्यकर्त्यांकडून, ११४७ साली घेतला. पाय थकले असतील तर किल्ल्यासाठी वेगळ्या वेळी प्रासा दा फिगेइराहून ७३७ नंबरची बस घ्या, ती दारापर्यंत नेते. माझ्या मते किल्ल्याच्या तिकिटाच्या मानाने आत फार काही नाही, तटावरून दिसणारं दृश्य सज्ज्यांवरून फुकटात दिसतं.

खाली अल्फामात नकाशा बंद करा. हरवलात तरी उतार तुम्हाला नदीकडेच नेतो. वाळत घातलेले कपडे, दारात खुर्ची टाकून बसलेल्या आज्या. ही घरं आहेत, देखावा नव्हे, खिडकीत कॅमेरा घालू नका. से कॅथेड्रलजवळ आल्जूबी नावाचं संग्रहालय आहे, हुकूमशहा सालाझारच्या काळातला राजकीय कैद्यांचा तुरुंग. एक माणूस जेमतेम आडवा होईल एवढ्या कोठड्यांच्या प्रतिकृती आत आहेत. गर्दी नसते. किल्ल्याचे पैसे वाचवून इथे घालवा.

बुटांबद्दल इथेच सांगतो. फुटपाथ गुळगुळीत चुनखडीच्या छोट्या चौकोनी दगडांचे असतात. पावसाचा शिडकावा झाला की उतारावर पाय सटकतो. रबरी, खाचदार तळव्याचे बूट आणा. नवे कोरे नकोत, महिनाभर वापरलेले.

रात्री फादु, म्हणजे लिस्बनचं पारंपरिक हुरहुर लावणारं गाणं, ऐका. मोठ्या जागी जेवणासकट कार्यक्रम असतो आणि एकट्यालाही किमान रक्कम द्यावी लागते, ती बसण्याआधी विचारून घ्या. छोट्या टॅव्हर्नमध्ये हौशी गायक गातात, तिथे एका पेयावर बसता येतं. दिवे मंद झाले आणि गाणं सुरू झालं की बोलायचं नाही, काटाचमचाही वाजवायचा नाही. वेटरसुद्धा जागच्या जागी थांबतो.

तिसरा दिवस: बेलें

कायश दु सुद्रे स्थानकातून कासकाइशच्या दिशेची, सगळीकडे थांबणारी लोकल पकडा, बेलें थोड्या मिनिटांवर. १५ नंबरची ट्रामही जाते, पण ती भरून वाहते.

हीच लोकल पुढे काशियाश स्थानकावरून जाते. तिथल्या टेकडीवरच्या किल्ल्यातल्या तुरुंगात सांगलीचे मोहन रानडे होते. गोवा मुक्तिसंग्रामात १९५५ साली ते पकडले गेले. गोवा मुक्त झाल्यावरही ते सुटले नाहीत, सुटले १९६९ मध्ये. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडक्यांनी महाराष्ट्रात मोहीम चालवली होती. तिथे पाहायला काही नाही, तरी लोकल त्या स्थानकात थांबली तर वर बघावंसं वाटतं.

बेलेंत उतरल्यावर राष्ट्रपतींच्या गुलाबी वाड्यासमोर उंच खांबावर एक पुतळा आहे: अफोन्सु द अल्बुकर्क, १५१० मध्ये गोवा घेणारा. हापूसचं नाव ज्याच्या नावाशी जोडतात तोच. पर्यटकांच्या यादीत तो नसतो.

जेरोनिमुश मठाला दार उघडण्याच्या अर्धा तास आधी पोचा. तिकीट आधी ऑनलाइन काढा. ते लागतं आतल्या ओवऱ्यांसाठी. चर्चची रांग वेगळी असते. १५०१ मध्ये सुरू झालेल्या या बांधकामाला पूर्वेकडून येणाऱ्या मिऱ्यांवरच्या करातून पैसा मिळाला, म्हणजे आपल्याच किनाऱ्याच्या मालातून. चर्चमध्ये शिरताच डावीकडे वास्को द गामाची कबर, उजवीकडे कवी कामोंइशची. वास्को १५२४ साली कोचीत वारला, अवशेष नंतर पोर्तुगालला आले आणि १८८० मध्ये इथे. ओवऱ्यांचे खांब जवळून बघा: दोरखंड, पोवळी, समुद्रातल्या वनस्पती दगडात कोरल्या आहेत, आणि दोन खांब सारखे नाहीत.

नदीतला बेलें बुरूज २०२५ मध्ये दुरुस्तीसाठी बंद केला होता, जाण्याआधी स्थिती बघा. आत गेला नाहीत तरी चालेल, कारण खरी गंमत बाहेर आहे. एका कोपऱ्यातल्या टेहळणी मनोऱ्याच्या बुडाशी गेंड्याचं डोकं कोरलेलं आहे, आता झिजून गेलेलं. गुजरातच्या सुलतानाने अल्बुकर्कला दिलेला गेंडा जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून जहाजात चढवला आणि मे महिन्यात तो इथे उतरला. युरोपात कित्येक शतकांत कुणी गेंडा पाहिला नव्हता. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली, तर हत्तीच पळाला. पुढे तो पोपला भेट म्हणून पाठवला आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासकट बुडाला. जर्मन चित्रकार ड्यूररचं प्रसिद्ध चित्र याच गेंड्याचं, आणि ड्यूररने तो कधी पाहिलाच नव्हता.

परतताना पाश्तेइश द बेलें, कस्टर्ड टार्टचं १८३७ पासूनचं दुकान. बाहेरची रांग पार्सलवाल्यांची असते. आत एकामागे एक मोठी दालनं आहेत, तिथे एकट्याला पटकन टेबल मिळतं. टार्ट गरम असतानाच वर दालचिनी भुरभुरवून खायची. अंडं असतं, हे लक्षात असू द्या.

खाणं, विशेषतः शाकाहारींनी

बसल्याबरोबर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज येतं. ते फुकट नसतं. खाल्लं तर बिलात येतं, नको असेल तर हात न लावता 'नाँव, ओब्रिगादु' म्हणून परत पाठवा (बाई असाल तर 'ओब्रिगादा'). कुणी रागावत नाही. एकट्याला 'मेया दोझ', म्हणजे अर्धी प्लेट पुरते, पूर्ण प्लेट दोघांची असते. दुपारी साडेबाराच्या पुढे छोट्या 'ताश्का' खानावळींत दिवसाची थाळी मिळते, सर्वांत स्वस्त आणि ताजी. काउंटरवर बसा, एकट्याला जागाही तिथेच मिळते.

शाकाहारी असाल तर काउंटरवरच्या तळणावर भरवसा ठेवू नका. भज्यांसारखं दिसतं ते 'पातानिश्का' आणि बटाटेवड्यासारखा दिसणारा गोळा, दोन्हींत बाकल्याव म्हणजे खारवलेला कॉड मासा. चालेल ते 'पेशिन्युश दा ओर्ता': फरसबी पिठात बुडवून तळलेली, पण पिठात बहुधा अंडं. 'काल्दु व्हेर्द' सूपमध्ये सॉसेजची चकती असते. नुसतं 'मांस नको' म्हटलं तर मासा पुढे येतो, म्हणून 'सें कार्नी, सें पेइश' असं दोन्ही सांगा. सेर्रा दा एश्त्रेला आणि आझेइतांव ही चीज मात्र एका काटेरी वनस्पतीच्या अर्काने विरजतात, प्राण्यांच्या पोटातून काढलेल्या रेनेटने नव्हे.

वरणभाताची आठवण झालीच तर मार्तिं मुनीशच्या मागे भारतीय, नेपाळी, बांगलादेशी दुकानं आणि खानावळी आहेत. शहराच्या उत्तरेला राधाकृष्ण मंदिर आहे, दीवहून मोझांबिकमार्गे आलेल्या गुजराती मंडळींचं. मुनीशच्या पुढेच इंतेंदेंत चौक. आंतोनियु कॉश्ता, ज्यांच्या वडिलांचं घराणं मडगावचं, लिस्बनचे महापौर असताना त्यांनी बदनाम झालेला हा भाग सुधारावा म्हणून आपलं कार्यालयच इथे हलवलं होतं. पुढे ते पंतप्रधान झाले.

चौथा दिवस आणि परतणं

सिंत्राला जायचं तर रुसिउ स्थानकातून लोकल, चाळीस मिनिटं. पेना राजवाड्याचं वेळेचं तिकीट आधीच काढा, पहिली वेळ घ्या, ४३४ नंबरच्या बसने वर जा आणि मुरांच्या किल्ल्याच्या बाजूने व्हिला सासेतीच्या पायवाटेने झाडांतून गावात उतरा. जॅकेट घ्या, लिस्बनला ऊन असलं तरी सिंत्रात धुकं असू शकतं. राजवाड्यांचा कंटाळा आला असेल तर कायश दु सुद्रेहून फेरीबोटीने पलीकडे कासील्याशला जा. दहा मिनिटं, किरकोळ तिकीट, आणि शहर पाण्यातून दिसतं.

टेकडीवर जाणाऱ्या जुन्या रूळगाड्यांबद्दल: ग्लोरिया रूळगाडीला ३ सप्टेंबर २०२५ रोजी अपघात होऊन सोळा जण दगावले, आणि नंतर तशा गाड्या थांबवण्यात आल्या. कोणती चालू आहे ते आधी तपासा, बेत त्यांच्यावर बेतू नका.

शहर एकंदरीत सुरक्षित आहे, स्त्रियांनाही रात्री मुख्य रस्त्यांवर फिरायला. त्रास होतो तो चोरीचा. फोन मागच्या खिशात नको, टेबलावर नको. बायशात कुणी कानाशी येऊन 'हशीश' पुटपुटला तर मान न वळवता चालत राहा, बहुधा तो खोटा माल असतो. तातडीला ११२. पासपोर्ट किंवा पाकीट गेलंच तर रेश्तावरादोरिश चौकात पर्यटकांसाठी पोलिसांचं ठाणं आहे, तिथे इंग्रजीत तक्रार नोंदवता येते. पासपोर्टची आणि व्हिसाच्या पानाची एक प्रत बॅगेत, एक मेलमध्ये.

घरच्यांना फोन करताना लिस्बन उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच.

परतीच्या दिवशी तीन तास आधी पोचा. काही स्वस्त कंपन्यांची विमानं दुसऱ्या टर्मिनलवरून सुटतात आणि तिथे मेट्रो जात नाही, पहिल्यावरून फुकट बस घ्यावी लागते. सुरक्षा तपासणी झाली की लगेच पासपोर्टच्या रांगेकडे जा, दुकानांत रेंगाळू नका. शेंगेनबाहेर जाणाऱ्यांची ती रांग वेगळी आणि लांब असते, आणि विमान काही तिच्यासाठी थांबत नाही.